सामाईक तुती

वडील गेले आणि दोन्ही भावांनी मोठ्या समंजसपणाने वाटणी केली. समंजसपणा इतका, की वर्षाच्या आत अंगणात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. घराचे दोन भाग झाले, नळाचे दोन झाले, कचऱ्याच्या डब्याचेसुद्धा दोन झाले. आईचे दोन करता येईनात, म्हणून तिला आठवडाभर इकडे आणि आठवडाभर तिकडे असं फिरतं ठेवण्यात आलं. बहिणीने आपला हिस्सा सोडला. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही हो, पण "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न दोघांनीही तिला इतक्या मायेने विचारला की हिस्सा मागायला तिची जीभच उचलली नाही.

राहता राहिली तुती. वडिलांनी हाताने लावलेली. भिंत घालणारा गवंडी सरळ रेषेत येत येत तिच्यापाशी पोचला आणि अडला. थोरला कामावर गेला होता, धाकटा झोपला होता. गवंडी शहाणा माणूस, त्याने कुणालाच विचारलं नाही. बुंध्यापासून चार बोटं सोडून भिंत थांबवली, पलीकडे चार बोटं सोडून पुन्हा सुरू केली, आणि मजुरी घेऊन चालता झाला. अशा रीतीने तुती सामाईक झाली. आता जाड व्हायचं थांबव, असं तिला मात्र कुणी कळवलं नाही.

बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. घरात तिला मास्तरीणबाई म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती याचा हिशेब तिने कधीच सोडून दिला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तिने आयुष्यात पहिला काप पाहिला तो याच तुतीच्या काडीचा. वडिलांनी दाढीच्या पात्याने काढून दिलेला. अजूनही दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या वेळी ती इथूनच पिशवीभर फांद्या नेई. घरातली एक वीटही तिच्या वाट्याला आली नव्हती, पण तुती तिने मनातल्या मनात आपल्या नावावर करून घेतली होती. त्याला कुणाची सही लागत नव्हती.

पाच-सहा वर्षांत तुतीने ती चार-चार बोटं भरून काढली. मग ती भिंतीला टेकली, आणि मग भिंतीला सरकायला सांगू लागली. भिंतीला आधी केसाएवढी चीर गेली, मग त्यात पेन्सिल मावू लागली. थोरला म्हणाला, धाकट्याने आपल्या बाजूला पाणी घालून घालून झाड माजवलं. धाकटा म्हणाला, थोरल्याने गवंडीच दीडदमडीचा आणला. शिवाय थोरल्या वहिनीच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पिकलेली तुती बरोबर नेम धरून पडायची, आणि त्यातही तिला धाकट्या जावेचा हात दिसायचा.

झाड तोडायला पालिकेची परवानगी लागे. तिच्यासाठी दोन्ही मालकांनी एकत्र अर्ज करायचा होता. एकत्र! अर्जावर आधी कुणाचं नाव घालायचं यावर सहा महिने गेले. थोरला म्हणे मी मोठा. धाकटा म्हणे, अंगणाच्या फाटकापासून मोजलं तर आधी माझंच घर लागतं. अर्ज राहिला, झाडही राहिलं, आणि मास्तरीणबाई मनातून दोघांच्या आडमुठेपणाला दुवा देत राहिली.

थोरला विमा कंपनीत होता. जगातल्या प्रत्येक वस्तूला कधी, कुठे, कसा अपघात होईल याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळे. एका रविवारी त्याने बहिणीला चहाला थांबवून घेतलं आणि चक्क झाडाविषयी विचारलं.

"काय गं मास्तरीणबाई, हे झाड नेमकं जाड होतं तरी कसं?"

आता, इतक्या वर्षांच्या नोकरीत "हे परीक्षेला येणार का?" याखेरीज दुसरा प्रश्न जिला कुणी विचारला नाही, तिच्यापुढे असा प्रश्न आला तर व्हायचं तेच झालं. बाईंनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वर्तुळात वर्तुळ काढायला घेतलं.

"साल म्हणजे नुसतं कातडं नव्हे, दादा. सालीच्या आत एक पातळसा थर असतो, कँबियम म्हणतात त्याला. तो आतल्या अंगाला लाकूड घालत जातो आणि बाहेरच्या अंगाला नवी साल. दरवर्षी. म्हणून खोड जाड होतं."

"म्हणजे माझी भिंत पाडतो तो हा."

"पाडतो काय! वाढतो. आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे जातं ना, ते सालीतूनच."

"मग साल काढली तर?"

"थोडीथोडकी काढली तर काही होत नाही. कडांकडून जखम भरत येते. पण बुंध्याभोवती पूर्ण गोल पट्टा काढला, तर मुळं उपाशी मरतात. झाड उभ्या उभ्या वाळतं."

"आणि वाळलेलं झाड तोडायला परवानगी लागत नाही," थोरला चहा फुंकत म्हणाला.

बाई रंगात आल्या होत्या. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. वर "हाताएवढी साल जरी अखंड राहिली ना, तरी झाड तग धरू शकतं बरं का," अशी पुरवणीही जोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी जाताना तिला वाटत होतं, दादा बदलतोय. वय झालं की माणसाला झाडापेडांची ओढ लागते म्हणतात.

पुढच्या रविवारी ती आली तर तुतीला थोरल्याच्या बाजूने अर्धी कॉलर काढलेली. वीतभर रुंद, आतल्या लाकडापर्यंत खरवडलेली, आणि कडेला पांढरा चीक वाळून चिकटलेला. पट्टा भिंतीच्या रेषेपाशी इतका नेमका थांबला होता की पट्टी लावून पाहावं. विमेवाला माणूस, दुसऱ्याच्या मालमत्तेला धक्का लावेल कसा!

तिने वाकून पट्ट्याची कड भिंतीपर्यंत बोटाने चाचपून पाहिली. आणि तिला हसू फुटलं.

"दादा, हे काय केलंस?"

"माझा अर्धा भाग वाळवतोय," थोरला शांतपणे म्हणाला. "वाळला की तेवढा कापून टाकीन. त्याचा त्याने ठेवावा."

या माणसाला ती आठवड्यापूर्वी अर्धा तास शिकवत होती. पालथ्या घड्यावर पाणी! पण घडा पालथा होता हे बरंच झालं. अर्ध्या पट्ट्याने तुती मरणार नव्हती. धाकट्याच्या बाजूची साल शाबूत होती, तिच्यातून मुळांना घास मिळत राहणार होता, आणि दोन-चार वर्षांत जखमेच्या कडा फुगून आत सरकल्या असत्या. आता एकच गोष्ट व्हायला हवी होती. धाकट्याने काही करता कामा नये. आणि काही न करणं हा तर धाकट्याचा हातखंडा होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक दारात आलं तरी तो आधी पेपर पूर्ण करायचा.

पण धाकटा चवताळला होता.

"ताई, बघितलंस? माझ्या घरावर झाड पाडायचा डाव आहे त्याचा! मीही दाखवतो आता. कानस, पटाशी, सगळं आहे माझ्याकडे."

नको म्हणावं तर तो हट्टाने करणार. लहानपणापासून त्याला "विहिरीत वाकू नकोस" म्हटलं की तो पाय सोडून बसायचा. मास्तरीणबाईने क्षणभर विचार केला आणि तिला एक नामी युक्ती सुचली. तिची तिलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

"कर की," ती म्हणाली. "दादाची तर तीच इच्छा आहे. त्याने मुद्दाम अर्धं ठेवलंय. धाकट्याने त्याच्या बाजूचं काढलं की काम पूर्ण होईल, म्हणत होता."

धाकट्याचे कान टवकारले. "असं म्हणाला? मी त्याचं काम पूर्ण करू? मग तर नखही लावणार नाही मी झाडाला."

"बघ बाबा, तुझी मर्जी," असं म्हणून ती निघाली आणि वाटेत मनाशी हसत राहिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तिने मुलांच्या वह्यांवर शेरा म्हणून कितीदा लिहिली असेल, पण ती आपल्यालाही लागू पडते असं शिक्षकाला कुठे वाटतं?

कारण हिशेबात एक माणूस धरायचं राहून गेलं होतं. तो आठवडा आईचा धाकट्याकडे होता.

धाकट्याने जेवताना तावातावाने सगळं सांगितलं. दादा म्हणे मी झाड सोलावं! कोण लागून गेला हा! आईने घास हातातच धरला. तिने झाडाचं ऐकलंच नाही. तिने ऐकलं ते एवढंच, की इतक्या वर्षांनी थोरल्याने धाकट्याकडे काहीतरी मागितलं. आपल्या तोंडाने नाही, बहिणीकरवी, पण मागितलं. मग तिने जे अस्त्र काढलं त्याच्यापुढे पटाशी काय नि कानस काय. ती ओरडली नाही, रडली नाही. जेवणात मीठ आहे की नाही ते सांगेनाशी झाली. सकाळ-संध्याकाळ भिंतीच्या चिरेजवळ खुर्ची टाकून बसायची आणि उसासे सोडायची.

"थोरला आहे तो," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "बापाच्या जागी. आयुष्यात एकदा त्याचं ऐकलंस तर तुझं काय झिजणार आहे?"

धाकटा आठवडाभर टिकला असता तर आश्चर्य. शनिवारी दुपारी त्याने पटाशी काढली आणि झाडापाशी जाऊन ठोकायला लागला. आवाज ऐकून थोरला धावत आला. भांडायला म्हणून आला, आणि धाकट्याने पटाशी उलटी धरलीय हे पाहून त्याला राहवेना.

"अरे अशी नव्हे, तिरपी धर. आण इकडे."

"तू म्हणालास म्हणून करतोय हं मी."

मी कधी म्हणालो, असं विचारणं थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण धाकटा आपलं ऐकतोय हा अनुभव इतका नवा आणि इतका गोड होता की त्याने तो प्रश्न गिळला. दोघांनी मिळून उरलेला अर्धा पट्टा काढला. आयुष्यात दोघांनी मिळून तडीस नेलेलं हे एकमेव काम, आणि तेही किती सफाईने! दोन्ही पट्टे कडेला कड जुळून मिळाले. भिंत मध्ये असताना.

रविवारी मास्तरीणबाई फाटकातून आत आली तो काय, तुतीखाली टेबल मांडलेलं. थोरला एका बाजूला, धाकटा एका बाजूला, मध्ये आई. दोन्ही जावा एकाच किटलीतला चहा ओतत होत्या. भिंतीच्या फुटक्या कोपऱ्यातल्या चार विटा काढून वाट केली होती आणि थोरला त्या वाटेने खुर्ची आणायला ये-जा करत होता.

"ये गं, तुझीच वाट बघत होतो," थोरला म्हणाला. न दिलेला निरोप त्याने एव्हाना आपला करून टाकला होता. "तू निरोप पोचवलास म्हणून हे जमलं. नाहीतर आम्ही दोघं मेलो असतो असेच."

तिने खोडाकडे पाहिलं. पट्टा पूर्ण झाला होता. हाताएवढी तर सोडाच, बोटभरही साल उरली नव्हती.

ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि सुरी घेऊन आली. अजून वेळ गेली नव्हती. झाडाच्याच कोवळ्या काड्या कापायच्या, एक टोक पट्ट्याच्या वरच्या सालीत खोचायचं, दुसरं खालच्या सालीत, आणि घट्ट बांधायचं. सालीला सालीचा पूल. दहा काड्यांतल्या दोन जरी लागल्या तरी मुळांना घास मिळतो. हे तिला करता येत होतं, हातानेही येत होतं, नुसतं फळ्यावर नव्हे. तिने फांदी वाकवली.

"काय करतेस?" आई तिच्यामागे येऊन उभी होती.

"आई, हे झाड मरेल. यांनी दोघांनी मारलंय त्याला. आत्ताच बांधलं तर वाचेल."

आईने टेबलाकडे पाहिलं. तिथे धाकटा काहीतरी सांगत होता आणि थोरला चक्क हसत होता.

"आणि यांना काय सांगशील? दादाने असं काही सांगितलंच नव्हतं, मीच थाप मारली, असं?"

आईला कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. आपण जन्माला घातलेली माणसं काय बोलतील आणि काय बोलणार नाहीत हे तिला ठाऊक होतं.

"मला कळत नाही का गं, तुझा जीव आहे त्याच्यावर," आई हळूच म्हणाली. "तुझ्या बाबांचाही होता. पाणी घालायला पहाटे उठायचे. पण मी किती दिवसांची आहे? हे एवढं बघू दे मला."

मास्तरीणबाईने फांदी सोडली. सुरी परत नेऊन ठेवली, टेबलाशी येऊन बसली आणि चहा घेतला. तिला चहाची चव लागली नाही. तिला त्या तिघांचा भयंकर राग आला होता, आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं की तो टिकत नव्हता, याचा आणखी राग.

त्या वर्षी तुती फळांनी लगडली. पूर्वी कधी लगडली नव्हती इतकी. पट्ट्याच्या वर खोड फुगून त्याला गादीसारखी कड आली. खाली जायचं अन्न वरच अडलं होतं, ते जाणार कुठे? झाड ते फळांत ओतत होतं. पण हे ऐकायला कुणाला वेळ होता? थोरली वहिनी चादरीवरचे जांभळे डाग जावेला कौतुकाने दाखवत होती.

"बघ, झाडालासुद्धा आनंद झालाय," आई म्हणाली आणि लेकीच्या ओंजळीत मूठभर तुती घातली. तुती गोड होती. मास्तरीणबाई ती खात खात घरी गेली आणि घरात आल्यावर मनसोक्त रडली.

पट्ट्याच्या खालून झाडाने फुटवे काढायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. थोरला ते इमानेइतबारे खुडत राहिला. पुढच्या वर्षी पानं आली ती लहान, फिकट. त्याच्या पुढच्या वर्षी आलीच नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून दोघा भावांनी एकमेकांना टाळी दिली आणि करवतवाल्यांना बोलावलं. खोड आडवं झालं. आतलं लाकूड पिवळंधमक निघालं. बघायला आलेला सुतार म्हणाला, वा, काय माल आहे! असा बुंधा आजकाल मिळत नाही.

झालं. "माल" हा शब्द कानावर पडला आणि तीन वर्षं एका टेबलावर चहा पिणाऱ्या दोन भावांना एकदम आठवलं की आपण दोघं आहोत.

थोरला म्हणाला, अर्धा-अर्धा. धाकटा म्हणाला, अर्धा कसा? बाबांनी रोप माझ्या बाजूला लावलं होतं. थोरला म्हणाला, तेव्हा बाजू होत्याच कुठे? धाकटा म्हणाला, जागा तर होती ना! आवाज चढले. जावांनी आपापल्या किटल्या उचलल्या. आई खुर्चीत बसून एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा लहान लहान होत होता.

"मास्तरीणबाईला बोलवा," थोरला म्हणाला. "तिला कळेल मूळ रोप कुठे होतं ते. ती सांगेल ते मला मान्य."

"मलाही मान्य," धाकटा म्हणाला. या एका बाबतीत मात्र दोघांचं पुन्हा एकमत झालं.

ती आली तेव्हा थोरल्याने भिंतीच्या एका तुटक्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधली होती. दोरी जमिनीत उरलेल्या बुंध्याच्या कापावरून जात होती. मास्तरीणबाई गुडघे टेकून बसली. भुसा झटकून तिने वर्तुळांवरून बोट फिरवलं. विचारायला लागावं असं काही नव्हतंच तिथे. थोरल्याच्या बाजूची वर्तुळं रुंद रुंद, धाकट्याच्या बाजूची दाटीवाटीने चिकटलेली. झाड सगळीकडून सारखं जाड होत नाही, ते एका बाजूला सुटलं होतं. आणि सगळ्यांच्या आतला तो ठिपका, वडिलांनी लावलेल्या करंगळीएवढ्या रोपाचा, दोरीपासून चांगला वीतभर पलीकडे होता. धाकट्याच्या अंगणात. थोरल्याची अर्धी तुती कधी नव्हतीच.

"बोल ना," थोरला म्हणाला. "कुणाच्या बाजूला?"

तिने मान वर केली. दोघे भाऊ बुंध्याकडे पाहत होते, आणि बघूनही त्यांना काही दिसत नव्हतं. आई बुंध्याकडे पाहतच नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे पाहत होती.

मास्तरीणबाईने हात पसरून तळवा त्या ठिपक्यावर ठेवला, जणू उठायला आधार घेतेय.

"मधोमध," ती म्हणाली. "अगदी दोरीखाली."

"बघ! मी काय म्हणत होतो?" थोरला म्हणाला.

"मग मी तरी वेगळं काय म्हणत होतो?" धाकटा म्हणाला. तेवढ्यात आईने सुनांना हाक मारली, चहा टाका गं.

सुतार खडू घेऊन दोरीखाली वाकला. त्याची रेघ मारून होईपर्यंत तिने हात उचलला नाही.